नाताळातील आमची गाणी व त्यांच्या चाली
(मंडळाच्या मार्गशीर्षातील सभेत केलेले भाषण)



मंडळाने मला नाताळाच्या सणाविषयी बोलावयास सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करणे हे शिकल्यासवरल्या माणसांचे काम. परंतु अध्यक्षाबाई म्हणाल्या, "उपदेश नको. तुमच्या घरी काय करता अन् काय गाता, तेवढेच सांगा." तेवढे सांगावयास काही हरकत नाही, म्हणून उभी राहिले आहे.

आपल्या धावड्यात आमची घरे बोटांवर मोजण्याइतकी. नाताळ आला की पुष्कळजणी मला विचारतात, "तुमच्यात त्या दिवशी केक असतो ना?" असतो, मुलांना हवा असतो म्हणून भोकरदनहून किंवा जालन्याहून आणवतो. पण घरी कढई चढते ती करंज्यांची, शंकरपाळ्यांची आणि चकल्यांचीच. माझी सासू अनारसे करीत असे. अंगणात कामट्यांची चांदणी करून, तिला रंगीत कागद लावून आत दिवा ठेवतो. तुमचा आकाशकंदील उतरला की महिन्या-दीड महिन्याने आमचा चढतो, एवढाच फरक. तेव्हा फराळाविषयी जास्त काही सांगत नाही. खरा नाताळ आमच्याकडे गाण्यात असतो, त्याविषयी बोलते.

नाताळ एका दिवसाचा नाही. आधीचे चार रविवार आगमनकाळाचे धरतात. बाळ येणार म्हणून घर जसे तयार करावे तसे मन तयार करावयाचे. मग शेवटच्या आठवड्यात घरोघर जाऊन गाणी म्हणतात. माझ्या माहेरी, जालन्याकडे, मी लहान असताना गॅसबत्ती डोक्यावर घेतलेला एक गडी पुढे, मागून टाळ, ढोलकी आणि गळ्यात पट्टा बांधून अडकवलेली पेटी. ज्या घरी जाऊ तिथे चहा नाहीतर गूळ-शेंगदाणे. चोवीस तारखेच्या रात्री भजन, पंचवीसला सकाळी उपासना, एकतीसला पुन्हा रात्री जमून सरत्या वर्षाची प्रार्थना. या सगळ्यात भाषण थोडे आणि गाणेच अधिक.

असे का, तर या सणाची सुरुवातच गाण्याने झाली आहे. लूकाच्या शुभवर्तमानात कथा आहे. मरियेला दिवस गेले, तेव्हा ती डोंगराळ मुलखात आपल्या नात्यातल्या अलीशिबेकडे गेली. अलीशिबा वयाने उतरलेली. मूलबाळ नव्हते आणि त्या वयात तिलाही दिवस राहिलेले. एक कोवळी पोर, एक म्हातारपणाला टेकलेली, दोघी गरोदर. त्या उंबऱ्यावर मरियेने जे गाणे म्हटले ते नाताळाचे पहिले गाणे. बाळ जन्मायचे होते, मेंढपाळांना देवदूत दिसायचे होते, तारा उगवायचा होता. त्या आधी एक बाई गायली. आणि गायली काय? तर देव सिंहासनावरच्या बलाढ्यांना खाली ओढतो, दीनांना वर उचलतो, भुकेल्यांचे पोट भरतो आणि श्रीमंतांना रिकाम्या हाताने लावून देतो. पाळण्यातल्या बाळाच्या आईने म्हणावे असे हे गाणे मऊ नाही. ती अलीशिबेकडे सुमारे तीन महिने राहिली असे लिहिले आहे. त्या तीन महिन्यांत दोघी काय बोलल्या ते लूकाने लिहिले नाही. पुरुषच तो! त्याला कसे कळावे?

आता मराठीत ही कथा केव्हापासून गातात, ते सांगते. पुष्कळांना वाटते की इंग्रज आले तेव्हापासून. तसे नाही. थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी इथली भाषा शिकून 'ख्रिस्तपुराण' लिहिले. ते १६१६ साली रायतूरला, म्हणजे राचोलला छापले. जवळजवळ अकरा हजार ओव्या! देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून अक्षरे रोमी, पण भाषा मराठी. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पोथीपुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी ऐकावयास काही नव्हते, म्हणून हे पुराण. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली नेवाशाला गीतेचा अर्थ ओवीत सांगितला; सव्वातीनशे वर्षांनी एका परक्या देशच्या माणसाने येशूचा जन्म ओवीतच सांगितला. जात्यावर बसून आपण म्हणतो तीही ओवीच. त्या पुराणाच्या मूळ छापील प्रती आज मिळत नाहीत. हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींवरून लोकांनी ते जपले. १९५६ साली पुण्याचे शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत छापल्यावर ते आपल्या इकडच्या वाचकांना वाचता आले.

आमच्या भागातली गोष्ट निराळी. इकडे तेव्हा निजामाचे राज्य. नारायण शेषाद्री म्हणून एक ब्राह्मण गृहस्थ मुंबईस शिकत असता १८४३ साली ख्रिस्ती झाले, आणि १८६३ साली त्यांनी जालन्यास काम सुरू केले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी त्यांना जमीन दिली, तिच्यावर त्यांनी बेथेल नावाचे गाव वसविले. बेथेल म्हणजे देवाचे घर. पुढे १८७३ साली ते अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरी मोठ्या सभेला जाऊन बोलले. १८९१ साली परदेशातून परत येताना समुद्रावरच वारले. त्यांच्याकडे जे लोक आले त्यांत मांग समाजाचे पुष्कळ होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण गाण्याच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे. हलगी, डफडे, सनई ही ज्यांच्या घरची विद्या, तेच लोक देवळात आले.

माझे आजोबा हलगी वाजवीत. पंचक्रोशीत त्यांच्या हलगीवाचून कोणाचे लग्न निघत नसे. हात त्यांचा चाले, पण सावली चालत नसे. शेवटची पंगत उठेपर्यंत मांडवाबाहेर बसावयाचे आणि मग पदरात मिळेल ते घेऊन घरी यावयाचे. आजी सांगे की उपासनेला ते आत, सतरंजीवर, सगळ्यांबरोबर बसले, त्या दिवशी त्यांना वाजवायला सुचेना. हात नुसते मांडीवर ठेवून बसले होते.

परंतु आतही सगळे सरळ नव्हते. एका पाळकांनी सांगितले, हलगी ही जत्रेची, देवळात आणू नये. पेटी आहे तेवढी पुरे. आजोबांनी शब्द काढला नाही. हलगी खुंटीला टांगली. चार नाताळ ती तिथेच राहिली. पुढे दुसरे पाळक आले. त्यांनी एकदा उपासनेत स्तोत्रसंहितेतले शेवटचे, दीडशेवे स्तोत्र वाचले. त्यात देवाची स्तुती कोणकोणत्या वाद्यांनी करावी याची यादी आहे; कर्णा आहे, वीणा आहे, झांजा आहेत, आणि डफ आहे. माझी आजी निरक्षर, पण कानाची तिखट. ती मधेच बोलली, "डफ म्हंजी हलगीच की वो!" सगळे हसले, पाळकही हसले. त्या नाताळाला हलगी खुंटीवरून उतरली. शेकोटीवर तापवून आजोबांनी जी वाजवली ती पहाटेपर्यंत.

ज्या पेटीसाठी हलगी बाहेर ठेवली, ती पेटी तरी आपली कुठे? तिचा जन्म पॅरिसचा. दबेन नावाच्या कारागिराने १८४२ साली तिचे हक्क नोंदविले. गोऱ्या लोकांबरोबर ती इकडे आली तेव्हा खुर्चीवर बसून पायाने भाता मारावा लागे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती हाताच्या भात्याची केली, म्हणजे आपल्यासारख्यांना मांडी घालून वाजविता येऊ लागली. मग ती नाटकात गेली, कीर्तनात गेली, आणि आज आपल्या मारुतीच्या पारावर भजनाला तीच असते. आकाशवाणीने तर १९४० साली तिला बाहेर काढले होते, परकी म्हणून आणि तिच्यात मिंड निघत नाही म्हणून. १९७१ साली कुठे ती बंदी सैल झाली. तेवढी वर्षे रेडिओला नको असलेली पेटी गावोगावच्या देवळांनी आणि चर्चांनी सांभाळली. नाशकाची नारोशंकराची घंटा तुमच्यापैकी कोणी गोदावरीवर गेल्यावर पाहिली असेल. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिकडच्या चर्चांमधल्या घंटा देशावर आल्या, त्यांतली ती एक. म्हणजे आमची घंटा तुमच्याकडे आणि तुमचे टाळमृदंग आमच्याकडे. हिशेब मांडीत बसले तर कोण कोणाचे किती लागते ते ठरणार नाही.

टाळमृदंग आमच्याकडे आले तेही सहज नाही. अमेरिकन मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले. त्यांनी आरंभी आपलीच गाणी मराठीत करून शिकविली, त्यांच्याच चालींवर. शब्द मराठी, पण जोर भलत्याच अक्षरावर पडावयाचा. म्हणणाऱ्याला तोंड वेंगाडावे लागे आणि ऐकणाऱ्याला अर्थ लागत नसे. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या माणसांनी मग कीर्तनाचा घाट घेतला: टाळ, चिपळ्या, मागे धरकरी, आणि कथा येशूची.

आणि नंतर आले नारायण वामन टिळक. तुम्ही सर्वजणींनी शाळेत त्यांची बाणाने जखमी झालेल्या पाखराची कविता पाठ केलेली आहे. ती पिल्लांसाठी तडफडणारी पक्षीण वाचून रडू न आलेली मुलगी मला अजून भेटावयाची आहे. तेच हे टिळक. १८६१ साली रत्नागिरीकडे करजगावला जन्मले, १८९५ साली ख्रिस्ती झाले, नगरला राहिले आणि १९१९ साली वारले. आमच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात त्यांची पदे शेकड्यांनी आहेत. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यामुळेच त्यांची पदे अभंगासारखी जिभेवर बसतात. एकदा ऐकली की पुस्तक लागत नाही.

पुस्तक लागत नाही, हीच तर बाईमाणसांची सोय. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या सोडून दूर राहिल्या, दुःख केले, आणि काही वर्षांनी आपल्याच विचाराने त्याच्याकडे आल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. आपल्या वाचनालयात असेल तर प्रत्येकीने न्यावी. हसू इतके येते की दूध उतू जाते. टिळकांनी येशूचे चरित्र पद्यात लिहावयास घेतले होते, 'ख्रिस्तायन' नावाने. थोडे अध्याय झाले आणि ते वारले. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि नवऱ्याने लिहिले त्याहून कितीतरी अधिक अध्याय त्यांचे आहेत. पंडिता रमाबाईंनीही केडगावी बसून सगळे बायबल बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत केले. परंतु माझ्या आजीला ना हे वाचता येई ना ते. तिचे बायबल म्हणजे तिला पाठ असलेली ती पदे. येशू कोठे जन्मला, गव्हाणीत का ठेवला, मागी लोक कोणत्या वाटेने परत गेले, सगळे तिने गाण्यावरून शिकले आणि गाण्यावरूनच आम्हांला शिकविले.

साऱ्या जगात तसेच असावे. १८१८ साली ऑस्ट्रिया देशातल्या ओबरनडॉर्फ या लहानशा गावी, नाताळच्या आदल्या रात्री एका धर्मगुरूने आपले गीत शेजारच्या गावच्या शाळामास्तराकडे नेले. त्याने चाल लावली आणि दोघांनी एका गिटारीवर ते म्हटले. आज ते साऱ्या जगात म्हणतात. मराठीतही आहे, आम्हीही म्हणतो. ते दिवे मालवून म्हणावयाचे शांत गाणे आहे. पण आमच्याकडे बाळ जन्मले की शांत कोण बसते? पाळणा बांधतात. येशूबाळाचे पाळणे आमच्या बायका म्हणतात तेव्हा तुमच्या बारशाच्या पाळण्याहून चाल वेगळी निघणार नाही.

आता जे सांगण्यासाठी मुख्यतः उभी राहिले ते सांगते.

आमच्या पदांच्या जुन्या पुस्तकांत शब्द आहेत, सूर नाहीत. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत वृत्त लिहिलेले असते: ओवी, अभंग, दिंडी, साकी, भूपाळी. कोठे 'चाल' म्हणून त्या काळच्या नाटकातल्या किंवा लोकांच्या तोंडच्या गाण्याची खूण दिलेली असते. शंभर वर्षांपूर्वी ती खूण पुरेशी होती. किर्लोस्करांच्या नाटकातले पद पोराटोरांना येत असे. आज ते मूळ गाणेच विसरले, तर वरच्या खुणेचा उपयोग काय? शब्द छापलेले राहतात आणि पद मुके होते.

आमच्या तीन घरच्या तीन म्हाताऱ्यांना त्या चाली येतात. माझी सासू चौथी होती. ती गेली आणि तिच्याबरोबर निदान पाच-सहा पदे गेली, कारण ती एकटीलाच येत होती. गेल्या नाताळाला आमच्या तरुण मुलांनी मोठे दोन भोंगे आणले आणि मोबाईल जोडून रात्रभर तयार गाणी लावली. मुलांचे मन वाईट नव्हते. म्हाताऱ्यांना गारठ्यात त्रास नको, असेच त्यांच्या मनात होते. गाणी काही इंग्रजी, काही हिंदी, चालही गोड. पण भोंग्यापुढे गाणार कोण? तिघी म्हाताऱ्या घोंगडी पांघरून तासभर बसल्या आणि उठून निजावयास गेल्या. टाळ पिशवीतून निघाले नाहीत. जालन्यास माझ्या भावाकडेही तोच प्रकार. तिथे कळांची मोठी विजेची पेटी आहे, तिच्यात ढोलकीही तिच्या तिच्यानेच वाजते. माझ्या मते नव्या गाण्यांना अडवू नये. पेटीही एके काळी नवीनच होती आणि हलगीला अडविणाऱ्यांचे पुढे काय झाले ते मी सांगितलेच. परंतु माणसाने तोंड मिटून ऐकत बसावे याला मी भक्ती म्हणणार नाही.

म्हणून या वर्षी श्रावणापासून मी एक उद्योग आरंभिला आहे. दुपारची भांडी झाली की वही घेऊन त्या तिघींकडे जाते. त्या म्हणतात आणि माझी धाकटी मोबाईलवर भरून घेते. कापूस वेचणी सुरू झाल्यावर खंड पडला, पण एकवीस पदे झाली आहेत. त्यात एक मौज झाली. एका पदावर 'भूपाळी' असे लिहिले होते आणि आमच्यातल्या कोणालाही ते लागेना. मी सहज ते शब्द आपल्या भजनी मंडळातल्या एका आजींना वाचून दाखविले. त्यांनी डोळे मिटले, दोनदा गुणगुणल्या, आणि काकड्याच्या वेळी म्हणतात त्या चालीवर ते पद असे बसविले की जणू त्याच्यासाठीच ती चाल केली होती. येशूच्या जन्माच्या पहाटेचे पद, आणि ते सापडले काकडआरतीत! तेव्हा माझ्या ध्यानात आले की आमच्या चाली नुसत्या आमच्याकडेच नाहीत. टिळकांनी त्या जिथून घेतल्या तिथे, म्हणजे तुमच्या घरी, त्या अजून आहेत. जाळीच्या देवाला जाणाऱ्या आमच्या शेजारच्या मावशी आहेत, त्यांनी तर दुसरे एक पद नुसते ऐकून मला सांगितले, "अगं, ही धवळ्यांसारखीच चाल दिसते." धवळे हे महदंबेचे, आपल्या मराठीतल्या आद्य कवयित्रीचे. चाल तीच की निराळी हे मला ठरविता येत नाही, पण त्या मावशी रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन ते पद माझ्याबरोबर म्हणतात.

तेव्हा मंडळाला माझी विनंती आहे. चोवीस तारखेस रात्री जेवणे आटोपून आमच्या अंगणात या. भोंगे मुलांनी आणावेत. मी त्यांच्याशी बोलले आहे, रात्री दहापर्यंत त्यांचे, पुढे आमचे. मुलगे कबूल झाले आहेत, एकाने तर हलगी शिकावयाची असे म्हटले आहे. टाळाच्या चार जोड्या आमच्याकडे आहेत, भजनी मंडळाने आणखी सहा द्याव्यात. पेटीची एक कळ दाबली की उठत नाही, ती दुरुस्त करून मिळाली तर बरे, नाहीतर तेवढा सूर गाळून वाजवू. शेकोटीला तुऱ्हाट्या आम्ही ठेवतो. थंडी असेल, पांघरावयास आणा. चहा दोनदा होईल आणि करंज्या आहेतच.

आणि वहीत अजून सात पदे बिनचालीची राहिली आहेत. त्यांतल्या दोन साक्या आहेत, एक दिंडी आहे, तीन अभंग आहेत ते लागतील असे वाटते. सातव्यावर नुसते 'जात्यावरची चाल' एवढेच लिहिले आहे, आणि जात्यावर चाली काय एक असतात? मी वही बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर ज्यांच्या घरी जाते अजून मांडलेले आहे त्यांनी घाई करून जाऊ नये, दाराशी थांबावे.